तिसऱ्या दिवसाचे वजन

‘या वर्षी शहरातील अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा टक्के बाळंतिणींना व नवजात बालकांना प्रसूतीनंतर तिसऱ्या दिवशी घरी जाऊन आरोग्यसेवा पुरवण्यात आली.’ आरोग्य विभागाच्या वार्षिक अहवालात चौथ्या पानावर, संचालकांच्या छायाचित्राखाली, हे वाक्य ठळक अक्षरांत छापलेले आहे. आदल्या वर्षी हाच आकडा एकाहत्तर होता. मधल्या काळात विभागाने एकही नवी परिचारिका नेमली नाही. दोन निवृत्त मात्र झाल्या. उरल्या अकरा. शहरात वर्षाला साधारण बारा हजार चारशे जन्म होतात, आणि नियमाप्रमाणे प्रत्येक आईकडे तीन खेपा व्हायच्या असतात: तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि बेचाळिसाव्या दिवशी. सुट्ट्या वजा केल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला रोज अकरा घरे येतात. प्रत्येक घरी बाळाचे वजन, ताप, नाळ आणि रंग पाहायचा. आईचे टाके, रक्तस्राव, रक्तदाब आणि दूध पाहायचे. शिवाय जी बाई तीन दिवसांत कोणाशी धड बोललेली नाही तिचे दोन शब्द ऐकून घ्यायचे. याला चाळीस मिनिटे धरली तर साडेसात तास संपले, आणि बाई अजून एका घरातून दुसऱ्या घरी गेलेलीच नाही. अहवाल खरा मानायचा तर विभागाच्या परिचारिका उडतात, असे मानावे लागते. त्या उडत असत्या तर त्याचे छायाचित्र संचालकांनी नक्कीच छापले असते.

मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे असले आकडे पाहिले की मला राग येतो, आणि तो राग थंड असतो म्हणून लोक त्याला विद्वत्ता समजतात. या गैरसमजापायीच विभागाने मला एका तक्रारीची चौकशी करायला बोलावले होते. तक्रार एका शिवणवालीची होती. चौथ्या मजल्यावरच्या दीड खोलीत ती शाळेचे गणवेश शिवते. नवरा मालवाहू गाडी चालवतो. पोट चिरून प्रसूती झाली. दोन दिवसांनी दवाखान्याने घरी सोडले आणि सांगितले, उद्या सिस्टर घरी येतील, घरीच थांबा. ती थांबली. आरोग्यकेंद्र घरापासून एक किलोमीटरही नाही. पण चार जिने आणि ओले टाके हे अंतर कोणत्याच नकाशात मोजलेले नसते. चौथ्या दिवशी बाळ पिवळे दिसू लागले. खोलीतला दिवाच पिवळा आहे, असे तिला वाटले. तिने नवऱ्याला सांगून बल्ब बदलून घेतला. पांढऱ्या उजेडातही बाळ पिवळेच दिसले, तेव्हा शेजारीण म्हणाली, उजळतंय, वडलांवर जाणार. सातव्या दिवसाची खेपही झाली नाही; त्याच दिवशी बाळाने दूध सोडले, आठव्या दिवशी ते रडायचे थांबले, आणि मग टाके, जिने सगळे विसरून ती खाली धावली. कावीळ मेंदूपर्यंत चढली होती. रक्त बदलले, बाळ जगले. आता ते सात महिन्यांचे आहे आणि त्याला काहीही ऐकू येत नाही. विभागाच्या नोंदीप्रमाणे तिसऱ्या दिवशी परिचारिकेने घरी जाऊन त्याला तपासले होते. वजन दोन हजार नऊशे चौऱ्याऐंशी ग्रॅम.

म्हणजे प्रश्न एवढाच होता: परिचारिकेने खोटी नोंद केली का? केली असेल तर नोकरी जाणार, परवानाही जाणार. बावीस वर्षांची नोकरी. तिच्या एकटीच्या पगारावर अर्धांगाने पडून असलेली आई आणि शिकणाऱ्या दोन मुली. निर्णय माझ्या अहवालावर होता. पहिल्याच सकाळी उपसंचालक मला म्हणाले, “मॅडम, केस सरळ आहे. सिस्टर गेल्या नाहीत, आणि गेल्याची नोंद आहे. दोन बैठकांत उरकू.” हा माणूस प्रत्येक कागदावर सही करण्यापूर्वी पेनाचे टोपण काढून पुन्हा लावतो, जणू सही अजून टाळता येईल. मला ते आवडले नाहीत. पण त्यांचे तर्कशास्त्र बिनतोड होते, आणि बिनतोड तर्कशास्त्रासमोर माझी आवडनिवड नेहमीच गप्प बसत आली आहे. मी मनातल्या मनात अहवालाची पहिली ओळ लिहायलाही घेतली होती. खालच्या पायरीवरच्या बाईने आळस केला आणि वरच्यांनी तो आळस टक्केवारीत मोजून मिरवला, अशी ती ओळ होणार होती. दोघांनाही एकाच वाक्यात झोडपणारी ती ओळ मला फार आवडली होती.

परिचारिका आली ती धापा टाकत, एका घरून थेट, खांद्यावर वजनकाट्याची पिशवी. पिशवी तिने खाली ठेवली नाही, मांडीवर घेतली. मी विचारले, “तिसऱ्या दिवशी तुम्ही या ताईंकडे गेला होतात?”

“नाही.”

“मग भेटीची नोंद कोणी केली?”

“मी नाही केली. मी रकाना कोरा ठेवला. त्या आठवड्यात माझ्याबरोबरची सिस्टर आजारी होती, दोघींची घरं माझ्याकडे. जिथे पोचले नाही तिथे कोरं ठेवलं. कोरं ठेवलं की वरून कोणीतरी जातं, अशीच पद्धत आहे आमची.”

उपसंचालकांनी टोपण काढले. “म्हणजे कोरा रकाना आपोआप भरला? भुताटकी म्हणायची का, सिस्टर?”

“भुतांना तरी वेळ असतो, साहेब. आम्हाला अकरा घरं असतात.”

जबाब लिहून घेणारा लेखनिक हसला आणि मग आपण हसलो हे लक्षात येऊन खोकला. परिचारिकेने माझ्याकडे हात पुढे केला. “मॅडम, ते किती वजन लिहिलंय म्हणालात? आणि जन्माचं किती होतं?” दोन हजार नऊशे चौऱ्याऐंशी, आणि जन्माचे दोन हजार नऊशे, मी सांगितले. ती खरोखर हसली, आणि त्या हसण्यात भीतीचा मागमूस नव्हता. एखाद्या विद्यार्थ्याने फळ्यावर दोन अधिक दोन पाच लिहावेत तेव्हा मी जशी हसते तसे ते हसणे होते. “अहो, तिसऱ्या दिवशी बाळाचं वजन कधी वाढतं का? उतरतं. कोणाचंही. राजाचं असो नाहीतर रंकाचं. बावीस वर्षं बाळं तोलतेय मी. मला खोटंच लिहायचं असतं ना, तर मी सत्तावीसशे लिहिलं असतं, आणि तुम्हाला जन्मात कळलं नसतं.”

मी मान डोलावून पुढचा प्रश्न विचारला असावा. काय विचारले ते मला आठवत नाही. आठवते ते एवढेच, की माझ्या छातीत दोन्ही बाजूंना अचानक जडपणा भरून आला, दगड ठेवावेत तसा, आणि एकतीस वर्षांपूर्वीची एक दुपार त्या सरकारी खोलीत येऊन बसली. तेव्हाही तिसराच दिवस होता. दूध उतरले होते आणि ब्लाउजला दोन ओले डाग पडले होते, आणि मी, जिने प्रबंधात नऊशे कुटुंबांच्या आहाराचे विश्लेषण केले होते, मुलगा छातीला का लागत नाही हे न कळून भिंतीकडे तोंड करून पडले होते. दाराशी एक ठेंगणी सिस्टर उभी राहिली. तिच्याकडे आकड्याला टांगून तोलायचा काटा होता. तिने मुलाला फडक्याच्या झोळीत घातले, काटा उचलला, डोळा बारीक केला आणि म्हणाली, उतरलंय. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. “अगं बाई, पोर वितळतंय की काय!” सिस्टर म्हणाली, “वितळत नाही हो आजी. लांबचा प्रवास करून आलंय, सामान उतरवतंय. पुढच्या आठवड्यात मी येईन तेव्हा बघा, तुम्हाला उचलवणार नाही.” मग तिने सासूबाईंना पाणी तापवायला पाठवले, माझ्यावरची चादर बाजूला केली, पोटावर हात दाबून पाहिले, आणि खालचा कपडा उचलून उजेडात धरून इतक्या शांतपणे न्याहाळला की मला लाज वाटायचीही राहून गेली. “रडता का?” तिने विचारले. नाही, मी म्हणाले. “बरं,” ती म्हणाली, आणि दहा मिनिटे काही न बोलता पलंगाच्या कडेला बसून राहिली. त्या दहा मिनिटांत मी रडले. ती भेट कुठल्या टक्केवारीत गेली ते मला माहीत नाही. पण वजन उतरते हे मला माहीत होते. पाठ्यपुस्तकातून नव्हे, त्या काट्याच्या टोकावर माझे स्वतःचे मूल लटकलेले असताना मला ते कळले होते, आणि तरीही परिचारिकेने सांगेपर्यंत ‘दोन हजार नऊशे चौऱ्याऐंशी’ हा आकडा वाचताना माझी पापणी लवली नव्हती.

दुपारी मी अभिलेख कक्षात गेले. तिथल्या कारकुनाला सगळे आजोबा म्हणतात, कारण निवृत्तीला आलेला तो तिथला सर्वांत तरुण माणूस आहे असे तो स्वतःच सांगतो. मी त्याच्याकडून वर्षभरातल्या कुठल्याही दोनशे नोंदी मागितल्या आणि खिडकीशी बसले. हे काम मला येते. ज्या कामात माणसे नसतात आणि फक्त त्यांच्या खुणा असतात, ते काम मला फार चांगले येते. तासाभरात नोंदींचे दोन ढीग झाले. एकशे एकेचाळीस बाळे तिसऱ्या दिवशी हलकी झाली होती. कोणी शंभर ग्रॅमने, कोणी दोनशेने, एखादे दोनशे सत्तरने, आणि त्याच्या शेजारी कोणाच्या तरी घाईच्या अक्षरात ‘दूध कमी, परत जाणे’ असा शेरा होता. ती खरी बाळे होती. उरलेल्यांपैकी पंचावन्न बाळे वाढली होती, आणि सगळी एकाच मापाने. जन्मवजन सव्वादोन किलो असो की चार किलो, मुलगा असो की मुलगी, पूर्ण दिवसांचे असो की अपुऱ्या, तिसऱ्या दिवशी प्रत्येक बाळ चौऱ्याऐंशी ग्रॅमने वाढले होते. निसर्ग इतका आज्ञाधारक असता तर माझ्या विषयाची गरजच पडली नसती. राहिल्या चार नोंदी. त्या कोऱ्या होत्या. त्या बाळांचे जन्मवजनच कोणी लिहिलेले नव्हते, त्यामुळे कशात मिळवावे हे यंत्राला समजले नसावे.

चौऱ्याऐंशी. अठ्ठावीस त्रिक चौऱ्याऐंशी. मी पेन्सिल खाली ठेवली. खिडकीबाहेर एक माणूस शिडीवर चढून फलकावरचा जुना कागद खरवडत होता, आणि तो कागद सलग न निघता नखाएवढ्या तुकड्यांनी निघत होता; मी बराच वेळ ते पाहत राहिले, कारण तिकडे पाहत होते तोवर इकडे पाहावे लागत नव्हते. अठ्ठावीस हा आकडा माझा होता. सहा वर्षांपूर्वी याच विभागासाठी मी एक पद्धतिशास्त्रीय अहवाल लिहिला होता. विभागाची तक्रार अशी, की नोंदींत भोके फार, तक्ते बनवता येत नाहीत. मी भोके बुजवायचा उपाय सुचवला. पहिल्या सहा आठवड्यांत मूल रोज सरासरी अठ्ठावीस ग्रॅमने वाढते. तिसऱ्या परिशिष्टात मी लिहिले होते: ‘जेथे वजन उपलब्ध नसेल तेथे जन्मवजनात प्रतिदिन अठ्ठावीस ग्रॅम मिळवून रकाना पूर्ण करावा.’ सहा आठवड्यांचा हिशेब धरला तर हे वाक्य चूक नाही. पहिल्या तीन दिवसांचा उतार त्या सरासरीने गिळून टाकला होता. सरासरीचे कामच ते: खड्डा आणि टेकडी यांचे मैदान करायचे आणि मग मैदानावरून चालणाऱ्याचा पाय का मोडला यावर परिसंवाद घ्यायचा. माझा अहवाल पाच वर्षे कपाटात होता. चौदा महिन्यांपूर्वी विभागाने नवा संगणक घेतला आणि कोणा कर्तव्यदक्ष माणसाने परिशिष्ट तीन त्यात जसेच्या तसे घातले. पुढचे काम संगणकाने स्वतःच्या अक्कलहुशारीने केले. वजन आहे त्याअर्थी कोणीतरी तोलले, तोलले त्याअर्थी कोणीतरी गेले. एकाहत्तराचे अठ्ठ्याण्णव झाले, आणि संचालकांनी छायाचित्रासाठी नवा कोट घातला.

“आजोबा,” मी विचारले, “कोऱ्या रकान्यांचं पुढे काय व्हायचं?”

“त्याची यादी निघायची ना. रोज सकाळी. दोन राखीव सिस्टर होत्या, त्या यादी घेऊन निघायच्या. आदल्या दिवशी जे घर राहिलं, ते दुसऱ्या दिवशी व्हायचं. आम्ही त्यांना घंटागाडी म्हणायचो. राहिलेलं उचलणाऱ्या.”

“आता?”

“यादी अजून निघते. पण त्यात बहुतेक दिवशी कोणी नसतं हो. कोऱ्यांची यादीच कोरी! म्हणून छापणं बंद केलं, कागद वाचला. मग साहेबांनी विचारलं, या दोघी बसून काय करतात? पाठवल्या दुसऱ्या विभागात. चांगलंच झालं म्हणायचं ना, मॅडम? कोणी राहतच नाही.”

घरी गेल्यावर मी अहवाल लिहायला बसले नाही. मी कपाटातून माझा जुना अहवाल काढला आणि परिशिष्ट तीन उभ्याने वाचले. त्याची भाषा सुंदर होती. कोरा रकाना ही माझ्या लेखी उणीव होती. प्रत्यक्षात त्या सगळ्या यंत्रणेत माणसांना रस्त्यावर उतरवणारी तेवढी एकच गोष्ट होती. तो कोरा राहिला तर सकाळी दोन बायका पिशवी घेऊन निघायच्या आणि कोणाच्या तरी चौथ्या मजल्यावर चढायच्या. बल्ब न बदलताच त्यांना पिवळे दिसले असते. शिवणवालीचे बाळ चौथ्या दिवशी पिवळे होते. यादी निघाली असती तर चौथ्याच दिवशी सकाळी कोणीतरी त्या दारात उभे असते. हे मी तीन वेळा, तीन वेगवेगळ्या रीतींनी मांडून पाहिले, कारण उत्तर आवडले नाही की रीत बदलून पाहायची हीही माझ्या विषयातलीच सवय आहे. तिन्ही वेळा तोच दरवाजा आला.

दुसऱ्या बैठकीला सगळे होते. शिवणवाली बाळाला मांडीवर घेऊन भिंतीशी बसली होती. मी दोन ढिगांचे सांगितले, चौऱ्याऐंशीचे सांगितले, सूत्र कोणाचे तेही सांगितले. उपसंचालकांच्या खिशात फोन वाजला. सगळ्यांनी आपापले खिसे चाचपले, बाळ मात्र पंख्याची पाती पाहण्यात गुंग राहिले. उपसंचालकांनी फोन बंद केला आणि फार सौजन्याने माझ्याकडे वळले. “मॅडम, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? तुम्ही संख्येचं माणूस. सूत्र कुठे वापरलं जाईल हे तुम्हाला काय ठाऊक? आपण ‘संगणकीय तांत्रिक त्रुटी’ असं लिहू. कोणाचंच नाव नको. सिस्टरना लेखी समज देऊ, नोकरी राहील. साप मरेल, काठीही मोडणार नाही.”

“समज कशाची?” परिचारिका म्हणाली. “कोरं ठेवलं त्याची?”

“काहीतरी द्यावंच लागतं हो, सिस्टर. फाइल बंद कशी करणार?”

“वा! म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर, वर वांग्याने आभारही मानायचे.”

“आणि राखीव सिस्टर?” मी विचारले. “यादी?”

“तो धोरणाचा भाग झाला,” उपसंचालक म्हणाले.

मी खोटे बोलणार नाही: मला तो मार्ग सोयीचा वाटला. चांगले तीन-चार श्वास घेईपर्यंत वाटला. परिचारिकेची नोकरी राहत होती, माझे नाव राहत होते, आणि ‘तुम्हाला काय ठाऊक’ हे वाक्य तर एखाद्या मऊ आसनासारखे माझ्यासाठी सरकवून ठेवलेले होते. वर्षानुवर्षे मी इतरांच्या अहवालांतली नेमकी असलीच वाक्ये लाल शाईने अधोरेखित करत आले होते. तेवढ्यात शिवणवाली बोलली. तिचा आवाज चढलेला नव्हता; कापडाचे माप चुकले की गिऱ्हाइकाला विचारावे तसे तिने विचारले, “सिस्टर म्हणतात, त्यांनी कोरं ठेवलं. साहेब म्हणतात, मशीन. मग मॅडम, मी आठ दिवस दाराकडे बघत होते, ते नेमकं कोण आलं नाही?”

मी लेखनिकाला जबाबाचा नवा कागद घ्यायला सांगितले. तो म्हणाला, कोणाचा जबाब? मी उठून टेबलाच्या पलीकडे, जबाब देणाऱ्याच्या खुर्चीशी गेले. परिचारिका तिथून उठली आणि पिशवी सावरत म्हणाली, “बसा मॅडम. जपून, डुगडुगते ती.” उपसंचालकांनी टोपण पुन्हा लावले आणि मला सांगितले की चौकशी अधिकाऱ्याने स्वतःचा जबाब नोंदवायची तरतूद नियमांत नाही. मी म्हणाले, तर मग तो रकाना कोरा असेल, आणि कोरे रकाने भरण्यात माझा हातखंडा आहे. कोणी हसले नाही. लेखनिकाने तारीख घातली. मी सांगत गेले, तो लिहीत गेला. ‘सुधारून लिहू का?’ असे त्याने एकदा विचारले, मी नको म्हटले. तो जबाब असा:

“सिस्टरनी तिसऱ्या दिवसाचा रकाना कोरा ठेवला होता. तो माझ्या सूत्राने भरला. हे सूत्र मी सहा वर्षांपूर्वी विभागाच्या सभागृहात मांडलं, तेव्हा मागच्या रांगेतून एक वयस्क सिस्टर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘बाई, कोरं दिसतं म्हणून आम्हाला कळतं कुठे जायचं राहिलंय. तुम्ही ते भरून टाकलंत तर आम्ही जायचं कुठे?’ मी म्हणाले, ‘घरी जा, सिस्टर, विश्रांती घ्या.’ सगळे हसले. त्या खाली बसल्या. त्यांचा प्रश्न मला तेव्हाच कळला होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि चहाची वेळ झाली होती.”